२४,००० आरपीएमच्या स्पिंडलचा खरा स्पीड कसा मोजायचा? टॅको दर वेळी वेगळाच आकडा दाखवतोय

टूलरूम_अंबड

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची छोटी टूलरूम आहे. लेथच्या टूलपोस्टवर बसवून बोअर आतून ग्राइंड करण्यासाठी ८०० वॅटचा वॉटर-कूल्ड स्पिंडल घेतलाय. बॉडी ६५ मिमी, ईआर११ कॉलेट (टूल आवळून धरणारी चिरा असलेली नळी), १७ च्या पान्याचा षटकोनी नट. सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) आहे. स्पिंडलच्या पाटीवर ४०० हर्ट्झ आणि २४,००० आरपीएम लिहिलंय, पोल (मोटरचे चुंबकीय ध्रुव) किती ते कुठेच नाही.

व्हीएफडीचा डिस्प्ले बरोबर २४,००० दाखवतो. पण ९९,९९९ पर्यंत रेंज असलेला साधा लेझर टॅको (फेरे मोजायचं यंत्र) लावला की गोंधळ होतो. नटावर गाडीच्या रेडियमचा ५ मिमीचा तुकडा चिकटवला होता. टॅको कधी ४७,६४० दाखवतो, कधी ६,०००, कधी आकडा नुसता उड्या मारतो. दोनदा तर रेडियम उडूनच गेलं.

स्पीड नक्की कळायलाच हवा, कारण जे व्हील लावायचंय ते ३० मिमी व्यासाचं आहे आणि त्यावर ३५ मीटर प्रति सेकंद ही मर्यादा छापलीय. अजून व्हील लावलेलं नाही. नक्की कोणता आकडा खरा मानायचा, आणि मोजायचं कसं?

---

मोजमाप

व्हील लावायच्या आधी विचारलंत ते फार चांगलं केलंत. तुमच्या तिन्ही आकड्यांचा उलगडा होतो, एकेक घेऊ.

६,००० हा मोटरचा नाहीच, तो शेडमधल्या दिव्यांचा आहे. ५० हर्ट्झच्या सप्लायवर ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. नटाच्या चकचकीत पृष्ठभागावरून तो उजेड टॅकोच्या भिंगात शिरतो. १०० गुणिले ६०, म्हणजे ६,०००. खात्री करायची तर मोटर पूर्ण बंद ठेवा, टॅको त्याच जागी धरा आणि बटण दाबा. थांबलेल्या नटावर ६,००० आलं तर प्रश्न मिटला. वरचा दिवा बंद करा किंवा पुठ्ठ्याने आडोसा करा.

४७,६४० म्हणजे एका फेऱ्यात दोन झळाळ्या. एक रेडियमची, दुसरी नटाच्या एखाद्या पैलूची. अर्धे केले तर २३,८२० येतात, आणि हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे. पण अर्धे करून मोकळं होऊ नका, एका फेऱ्याला एकच झळाळी मिळेल अशी व्यवस्था करा. षटकोनी नटाचे सहाही पैलू चमकले तर टॅकोला मिनिटाला जवळजवळ १,४३,००० झळाळ्या दिसतात. ते त्याच्या रेंजबाहेर आहे, म्हणून आकडा उड्या मारतो.

आता रेडियम का उडालं ते पाहा. नटाचा बाहेरचा व्यास सुमारे १९ मिमी, म्हणजे त्रिज्या ९.५ मिमी. २४,००० ला सेकंदाला ४०० फेरे. या त्रिज्येवर अपकेंद्री ओढ गुरुत्वाच्या ६,१०० पटींहून जास्त होते. २० मिलिग्रॅमचा इवलासा तुकडा, पण १२० ग्रॅमच्या वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढला जातो, आणि तोही तेलकट नटावर चिकटवलेला.

म्हणून नटावर मोजूच नका. कॉलेटमध्ये ६ मिमीची ग्राउंड डॉवेल पिन धरा, २० ते २५ मिमीच बाहेर ठेवा आणि मोजमाप पिनवर करा. त्यात तीन फायदे आहेत. पिन गोल असल्याने पैलूंचा त्रास नाही. त्रिज्या ३ मिमी असल्याने तीच ओढ १,९०० पटींवर येते. आणि कॉलेट रिकामा आवळला जात नाही. ईआर कॉलेट रिकामा आवळून फिरवला तर त्याची बोटं वाकून बसतात आणि पुढे रनआउट (टूल मध्यापासून सरकून डगमगत फिरणं) कायमचा मागे लागतो.

पिन थिनरने पुसा, पूर्ण सुकू द्या. मग तिला मार्करने किंवा पेंटने सगळीकडून काळं करा. सुकल्यावर ३ मिमी रुंद आणि १० मिमी लांब पट्टी पिनच्या लांबीच्या दिशेने चिकटवा, कोपरे कात्रीने गोल करा आणि कडांना सुपरग्लूचा अगदी पातळ हात द्या. पिनचा परीघ साधारण १८.८ मिमी आहे, म्हणजे काळा भाग पट्टीच्या पाचपट राहतो. काळा भाग पट्टीपेक्षा नेहमी बराच मोठा हवा, नाहीतर टॅको गोंधळतो.

पट्टी कोणती घ्यायची हेही महत्त्वाचं. नंबर प्लेट कापणाऱ्याकडचं प्रत्येक ‘रेडियम’ चालत नाही, त्यातली बरीच नुसती चकचकीत रंगीत फिल्म असते. आलेला उजेड आल्या दिशेने परत पाठवणारी पट्टी लागते. ट्रकच्या मागे लावतात ती, जवळून पाहिलं की मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटींची नक्षी दिसते. आडगावला ट्रक टर्मिनलच्या बाजूला सहज मिळेल. मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून पट्टीकडे पाहा. लखकन पेटल्यासारखी दिसली तर ती योग्य.

टॅको १५० ते २०० मिमीवर धरा, आणि अगदी काटकोनात न धरता १०-१५ अंश तिरका धरा. पट्टी तिरक्या उजेडालाही परत फिरवते, पण बाकीच्या गुळगुळीत भागावरची झळाळी दुसरीकडे निघून जाते. हातात धरण्यापेक्षा मॅग्नेटिक स्टँडवर बांधा. सगळ्यांनी पिनच्या फिरण्याच्या पातळीत नको, बाजूला उभं राहा.

---

वाइंडिंग_सातपूर

टॅकोचं वर व्यवस्थित आलंय, मी व्हीएफडीचं सांगतो.

डिस्प्लेवरचे २४,००० हे मोजलेले नाहीत, ते गणित आहे. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल. ४०० हर्ट्झ आणि २ पोल असं पॅरामीटरमध्ये भरलंय म्हणून २४,००० दिसतं. तिथे कोणी पोल ४ भरले तर त्याच मोटरला तोच व्हीएफडी १२,००० दाखवेल. शाफ्ट जाम झाला तरी ओव्हरकरंटवर ट्रिप होईपर्यंत डिस्प्लेवर २४,०००च राहील. साध्या व्ही बाय एफ मोडमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज देणाऱ्या) शाफ्टकडून कसलीच खबर व्हीएफडीपर्यंत येत नाही.

त्यामुळे तुमच्याकडे पोलची खात्री एकदा मोजूनच करावी लागेल. २३,८२० आले तर पोल २ आणि स्लिप (गणिताच्या स्पीडपेक्षा मोटर जितकी मागे पडते ती) पाऊण टक्का. बिनलोडच्या इंडक्शन मोटरला हे बरोबर जुळतं. ११,९०० च्या आसपास आले असते तर मोटर ४ पोलची.

तपासणीची एक पद्धत सांगतो, ती प्रत्येक वेळी करा. एकाच स्पीडवर आकडा घेऊन थांबू नका. फ्रिक्वेन्सी १५० वर ठेवा, मग ३००, मग ४००. दोन पोलला ९,०००, १८,००० आणि २४,००० च्या थोडं खाली असे आकडे यायला हवेत. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की टॅकोही दुप्पट झाला पाहिजे. जो आकडा फ्रिक्वेन्सीबरोबर हलत नाही तो मोटरचा नाही. फक्त १०० हर्ट्झवर तपासू नका, तिथे दोन पोलची मोटर ६,००० च्या जवळच फिरते आणि दिव्यांचे ६,००० त्यात मिसळतात.

आणि फिरवायच्या आधी पाणी चालू आहे ना ते पाइपच्या दुसऱ्या टोकाला बघा, पंपाचा आवाज ऐकून नव्हे.

---

सीएनसी_नवखा

एवढं करण्यापेक्षा नटावर छोटं निओडायमियम चुंबक चिकटवून हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की पल्स देणारा) लावला तर? किंवा मोबाइलमधलं व्हायब्रेशनचं ॲप स्पिंडलवर ठेवून?

---

सेन्सर_सिन्नर

चुंबक अजिबात नको. एक ग्रॅमचं चुंबक १९ मिमीच्या नटावर, २४,००० ला. हिशोब केला तर ६० न्यूटन, म्हणजे सहा किलो वजनाएवढी ओढ. सुटलं तर नटाच्या परिघाचा वेग सेकंदाला जवळपास २४ मीटर आहे, त्याच वेगाने ते निघणार. न सुटलं तरी एका बाजूला एक ग्रॅमचा असमतोल, आणि या स्पिंडलमधली अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगं तो सहन करत नाहीत. अशी चुंबक-हॉल सेन्सरची जोडी मिनिटाला ४००-८०० फेऱ्यांना छान चालते, इथे त्याचं काम नाही.

व्हायब्रेशन ॲपही नको. मोबाइलचा ॲक्सेलरोमीटर सेकंदाला साधारण १०० ते ५०० वेळाच वाचन घेतो. ५०० धरले तरी २५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसतच नाही, आणि तुमच्या मोटरचे फेरे सेकंदाला ३९७ आहेत. ॲप काहीतरी आकडा देईल, तो खोटा असेल.

मोबाइलचा माइक मात्र उपयोगी आहे. स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही ॲप घ्या. त्यात ८०० हर्ट्झला एक उंच सुळका दिसेल, तो मोटरच्या चुंबकीय गुणगुणीचा, म्हणजे पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट. तो शाफ्टचा नाही. शाफ्टचा सुळका ४०० च्या किंचित खाली, पिनचा जो थोडा असमतोल असतो त्याचा. वर कित्येक हजार हर्ट्झला जी शिट्टी ऐकू येते ती व्हीएफडीच्या कॅरियरची (आतल्या स्विचिंगची), तीही सोडून द्या. ॲपची एफएफटी साइझ (एका वेळी तपासायचे नमुने) १६,३८४ असली तर ४८,००० च्या सॅम्पलिंगला एक पायरी जवळजवळ ३ हर्ट्झ, म्हणजे १७६ आरपीएम, इतक्या जाड पट्टीने स्लिप कळत नाही. ६५,५३६ ठेवली तर पायरी ४४ आरपीएमची होते. पडताळ्यापुरतं एवढं पुरे.

टॅकोवर दुसरा पक्का पुरावा हवा असेल तर १००-१५० रुपयांत काम होतं. टीसीआरटी५००० चं (उजेड टाकून परत आलेला ओळखणाऱ्या सेन्सरचं) तयार मॉड्यूल घ्या, त्यावर एलएम३९३ कंपॅरेटर आणि निळा प्रीसेट (संवेदनशीलता लावायचा स्क्रू) बसवलेलाच असतो. एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. पिनपासून ३ ते ५ मिमीवर पक्कं बांधा. इथे बारीक रेघ पुरत नाही. ३ मिमीची रेघ पिनवर ४०० मायक्रोसेकंद टिकते आणि मोठ्या नटावर तर त्याहून कितीतरी कमी, हा फोटोट्रान्झिस्टर फार चपळ नाही. पिनचा अर्धा घेर पांढरा आणि अर्धा काळा करा, म्हणजे सव्वा मिलिसेकंद उजेड आणि सव्वा मिलिसेकंद अंधार मिळतो.

आता ज्यात बहुतेक जण अडकतात ती गोष्ट. काळं करायला मार्कर वापरू नका. हा सेन्सर अवरक्त उजेडावर चालतो आणि बऱ्याच मार्करची शाई डोळ्यांना काळी दिसली तरी अवरक्ताला पारदर्शक असते. सेन्सर शाईतून थेट खालच्या चकचकीत पोलादाकडे बघतो आणि पिनचा सगळा घेर त्याला पांढराच वाटतो. फळ्याला लावतात तो काळा मॅट पेंट लावा, त्यात काजळी असते, ती अवरक्त शोषून घेते. लेझर टॅकोचा उजेड लाल असतो, त्याला मार्कर चालतो, म्हणून वर ‘मोजमाप’ यांनी दोन्ही चालतील म्हटलंय ते टॅकोपुरतं बरोबर आहे.

मॉड्यूलला ५ व्होल्ट द्या. पिन हाताने फिरवा आणि प्रीसेट असा लावा की मॉड्यूलवरचा दिवा फेऱ्याला एकदाच लागेल, एकदाच विझेल. मग डिजिटल आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये हर्ट्झची रेंज असलेला मल्टिमीटर जोडा. ३९७.० दिसले तर गुणिले ६०, २३,८२०. एवढ्यावर काम झालं, आर्डुइनो लागतच नाही.

आर्डुइनोच लावायचा असेल तर एका सेकंदातल्या पल्स मोजू नका, एका पल्सची चूक ६० आरपीएमची होते. १०० फेऱ्यांना लागलेला वेळ माइक्रोज (micros) फंक्शनने मायक्रोसेकंदांत मोजा, तो सुमारे २,५२,००० येईल. गणित करताना ६ कोटी गुणिले १०० केलं की ६०० कोटी होतात, अनसाइन्ड लाँगमध्ये ४२९ कोटींच्या वर मावत नाही आणि भलताच आकडा बाहेर पडतो. फ्लोटमध्ये करा. इंटरप्टमध्ये १,५०० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी अंतरावर आलेली पल्स सोडून द्या, ४०,००० आरपीएमच्या वर तुमचा स्पिंडल जाणारच नाही.

सेन्सरची वायर स्पिंडलच्या केबलपासून किमान एक फूट लांब ठेवा, एकमेकींना ओलांडायचीच असेल तर काटकोनात. शील्डेड वायर घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. मीटर मोटर थांबलेली असताना शून्य आणि मोटर सुरू होताच हजारो हर्ट्झ दाखवत असेल तर तो व्हीएफडीचा नॉइज आहे. त्यावर १ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा फिल्टर पुरे. घाईत १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावाल तर नॉइजबरोबर पल्सही आडव्या होतील.

---

प्रेस_शॉप

ज्यांच्याकडे स्ट्रोब (ठरावीक वेगाने चमकणारा दिवा) आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्ट्रोब २४,००० लाच नाही, १२,०००, ८,००० आणि ६,००० लाही खूण स्थिर दाखवतो. म्हणून खालून वर जाऊ नका. सगळ्यात वरच्या रेंजपासून खाली या. खऱ्या स्पीडच्या दुप्पट चमकांना समोरासमोर दोन खुणा दिसतात. त्याखाली पहिल्यांदा एकच स्थिर खूण दिसली की तोच स्पीड.

स्ट्रोब तेवढ्या वर जातच नसेल तर एकच खूण स्थिर दिसणारे लागोपाठचे दोन आकडे लिहा. दोघांचा गुणाकार भागिले दोघांची वजाबाकी. १२,००० आणि ८,००० आले तर ९ कोटी ६० लाख भागिले ४,०००, म्हणजे २४,०००. मधला एखादा आकडा सुटला की उत्तर चुकतं, त्यामुळे हळू फिरवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्ट्रोबमध्ये स्थिर दिसणारी पिन थांबलेली वाटते. पोरं नकळत हात पुढे करतात. शेडमधला दुसरा दिवा पूर्ण बंद करू नका.

रबराच्या टोकाचा टेकवायचा टॅको इथे कोणी काढू नये. बहुतेकांची मर्यादा २० हजारांच्या आतच असते, आणि एवढ्या हलक्या शाफ्टवर टेकवलं की स्पीड पडतो तो वेगळाच.

---

टूलरूम_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार. केलेलं सांगतो.

मोटर बंद ठेवून टॅको दाबला, थांबलेल्या नटावर ६,००० आले. पुठ्ठ्याचा आडोसा केला, गेले. डॉवेल पिनवर ट्रकची पट्टी लावली. १५० हर्ट्झला ८,९४०, ३०० ला १७,८७०, ४०० ला २३,८२०. सेन्सरने मल्टिमीटरवर ३९७ हर्ट्झ. म्हणजे मोटर २ पोलची, नक्की. मार्करचं म्हणणंही तंतोतंत खरं निघालं. आधी मार्कर लावला होता, तेव्हा सेन्सरचा दिवा विझतच नव्हता. फळ्याचा पेंट लावल्यावर पहिल्याच फेऱ्यात चालला.

आता दोन शंका. लोडवर स्पीड किती पडेल, आणि दुपारी आमच्याकडे व्होल्टेज २०० पर्यंत उतरतं, त्याचा फरक पडतो का? दुसरं, ३० मिमीचं व्हील शेवटी किती हर्ट्झवर चालवू?

---

वाइंडिंग_सातपूर

आकडे सरळ रेषेत आलेत, आता त्यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

व्होल्टेजचा फरक पडतो. व्हीएफडी आत आलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज बाहेर देऊ शकत नाही. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. २३० चे २०० झाले तर वरच्या स्पीडला टॉर्क सुमारे पाऊण राहतो, आणि तेवढंच काम ओढायला मोटर जास्त स्लिप घेते. ४०० हर्ट्झवर १० हर्ट्झची स्लिप झाली तर २३,४०० राहतात. ग्राइंडिंग करताना सेन्सर लावून ठेवणं शक्य नाही, ग्रिट आणि कूलंट त्याला टिकू देत नाहीत. म्हणून व्हीएफडीवर करंट बघत चला. बिनलोडचा करंट आज लिहून ठेवा. त्याच फीडला करंट रोजच्यापेक्षा चढला की समजा स्लिप वाढलीय किंवा व्हील ड्रेसिंगला (पृष्ठभाग ताजा करायला) आलंय.

व्हीलसाठी मात्र मोजलेला स्पीड धरू नका, सिंक्रोनस (स्लिप न धरता फ्रिक्वेन्सी आणि पोलवरून येणारा) धरा. इंडक्शन मोटर स्वतःच्या जोरावर सिंक्रोनसच्या वर जात नाही, त्यामुळे पोल एकदा पक्के झाले की व्हीएफडीची फ्रिक्वेन्सी हीच सुरक्षेची वरची हद्द. तुम्ही मोजमाप केलंत त्याचा खरा फायदा हाच, आता ती हद्द विश्वासाने वापरता येते.

३० मिमीच्या व्हीलला २४,००० वर परिघाचा वेग सेकंदाला ३७.७ मीटर होतो, छापलेल्या मर्यादेच्या वर. ३५ मीटरला २२,२८० आरपीएम लागतात, म्हणजे ३७१ हर्ट्झ. त्यावर थोडी सोड ठेवून ३६० घ्या, वेग ३४ च्या खाली राहील. नुसतं पोटेन्शिओमीटर ३६० वर आणून सोडू नका, कोणाचा तरी हात लागतो. मॅक्सिमम आउटपुट फ्रिक्वेन्सी ४०० च राहू द्या, कारण व्ही बाय एफची रेषा त्यावर बसवलेली असते, आणि वरची मर्यादा म्हणून जो वेगळा पॅरामीटर असतो त्यात ३६० भरा.

व्हील झिजून २७ मिमीवर आलं की ४०० हर्ट्झलाही वेग ३४ मीटरच्या आत राहतो, तेव्हा मर्यादा परत वाढवता येईल. पण नवं व्हील बसवणाऱ्याने ती खाली आणली पाहिजे. व्हीएफडीच्या झाकणावर ‘३० मिमी – ३६० हर्ट्झ’ असं पेंटने लिहून ठेवा.

---

ग्राइंडिंग_मुसळगाव

एक राहिलं. ३५ मीटर हा व्हीलचा आकडा झाला, दांड्याचा वेगळा. व्हील ज्या दांड्यावर बसतं तो कॉलेटबाहेर जितका लांब, तितका परवानगीचा स्पीड खाली येतो, आणि तो झपाट्याने खाली येतो. ६ मिमीचा दांडा १५ मिमी बाहेर असताना जो स्पीड शांतपणे चालतो, तोच ४० मिमी बाहेर काढला की दांडा वाकून व्हीलसकट भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. ३० मिमीचं व्हील ६ मिमीच्या दांड्यावर तसंही जड आहे, ईआर११ मध्ये ७ मिमीचा दांडा मावतो, तो बघा. उत्पादकाच्या तक्त्यात दांड्याचा व्यास, बाहेरची लांबी आणि कमाल आरपीएम असे तीन रकाने असतात. तिथला आकडा ३६० हर्ट्झच्या २१,६०० पेक्षा कमी निघाला तर तोच पाळायचा.

नवं व्हील पहिल्यांदा फिरवताना गार्ड लावून, कामाला न टेकवता पूर्ण एक मिनिट चालवा. तेव्हा समोर कोणी नको, टॅको धरलेला माणूससुद्धा नको.